माळढोक रंगमंचावर न आणता माळढोकाविषयी: एका नाट्यगटाच्या प्रश्नाला उत्तर

सोलापूरच्या एका तरुण नाट्यगटाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावरून माळढोक हा मोठा पक्षी जवळजवळ नाहीसा झाला, या विषयावर नट नसलेले, प्रकाश, ध्वनी आणि नेपथ्य यांच्याच बळावर उभे राहणारे, साधारण चाळीस मिनिटांचे मांडणशिल्प त्यांना नाट्यगृहात सादर करायचे आहे. त्यासाठी पक्ष्याची भव्य प्रतिकृती करावी, की मागच्या पडद्यावर चित्रफीत दाखवावी, आणि हाताशी असलेले थोडे पैसे नेमके कशावर खर्च करावेत, असे त्यांनी विचारले आहे. नेपथ्य आणि प्रकाशयोजना हेच माझे काम असल्यामुळे उत्तरही मी त्याच अंगाने देतो. प्रतिकृती करू नका, चित्रफीतही दाखवू नका, आणि पैशाचा मोठा वाटा ध्वनीवर खर्च करा.

याचे कारण सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावर अवलंबून आहेत. रंगमंचावर जी वस्तू आणली जाते ती तिथे असते, आणि तिचे असणे इतके प्रभावी असते की तिच्या नसण्याविषयी काढलेले कोणतेही उद्गार त्यापुढे फिके पडतात. मीटरभर उंचीचा, तपकिरी पंखांचा, पांढऱ्या मानेचा देखणा माळढोक प्रकाशझोतात उभा केला, तर प्रेक्षक त्याच्याकडे कौतुकाने पाहतील आणि एक दुर्मिळ पक्षी पाहिल्याचे समाधान घेऊन घरी जातील. नाहीसे होणे ही मात्र काळात घडणारी क्रिया आहे. ती जाणवून द्यायची असेल, तर प्रेक्षकाला आधी एखाद्या गोष्टीची सवय लागू द्यावी लागते, आणि मग त्याच्या देखत, पण त्याला न सांगता, ती गोष्ट काढून घ्यावी लागते. चित्र किंवा छायाचित्र यांना ही सोय नाही. नाटकाला आहे, कारण प्रेक्षक ठरावीक वेळ एका जागी आपल्या स्वाधीन असतो.

जगात या विषयावर जी कामे खरोखर परिणामकारक ठरली, त्यांतील काही याच तत्त्वावर उभी आहेत. ओलाफुर एलियासन या कलावंताने मिनिक रोझिंग या भूवैज्ञानिकाच्या साथीने २०१५ च्या डिसेंबरमध्ये, पॅरिसची हवामान परिषद चालू असताना, तिथल्या पँथिऑन या वास्तूसमोरच्या चौकात ग्रीनलँडच्या खाडीतून आणलेले बर्फाचे बारा प्रचंड तुकडे घड्याळाच्या आकड्यांप्रमाणे वर्तुळात मांडले होते. हे तुकडे हिमनदीपासून आधीच सुटून पाण्यावर तरंगत होते. लोक त्यांना हात लावत होते, कान लावून आत अडकलेल्या जुन्या हवेचे बुडबुडे फुटताना ऐकत होते, आणि बर्फ दिवसागणिक लहान होत होता. तिथे निवेदन नव्हते, वितळणारी हिमनदी दाखवणारा पडदा नव्हता. समोरची वस्तू खरोखर संपत होती, एवढेच. मी या कामाला रंगभूमीच्या फार जवळचे मानतो, कारण त्याचा अर्थ वस्तूत जितका आहे तितकाच तिच्यासाठी ठरवून दिलेल्या अवधीत आहे.

दुसरे उदाहरण तुमच्यासाठी अधिक उपयोगाचे आहे, कारण ते ध्वनीचे आहे. बर्नी क्राउझ या अमेरिकी ध्वनिमुद्रकाने १९८८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सिएरा नेवाडा पर्वतातील लिंकन मेडो या कुरणात पहाटेचा पक्षिरव मुद्रित केला. त्यानंतर तिथे निवडक वृक्षतोड झाली. सगळे जंगल न कापता मधूनमधून झाडे काढली, तर परिसराला धक्का लागत नाही, असा तोडणाऱ्यांचा दावा होता. वर्षभराने क्राउझ त्याच जागी, त्याच ऋतूत परत गेले. डोळ्यांना सगळे जागच्या जागी दिसत होते आणि छायाचित्रात कोणताही फरक सापडला नसता, पण ध्वनिमुद्रणात ओढ्याचे पाणी आणि एखाददुसरा पक्षी यांपलीकडे फारसे काही उरलेले नव्हते. क्राउझ यांच्या ध्वनिसंग्रहातून युनायटेड व्हिज्युअल आर्टिस्ट्स या गटाने २०१६ मध्ये पॅरिसच्या कार्टिए फाउंडेशनमध्ये मोठे मांडणशिल्प उभारले, ज्यात अंधाऱ्या दालनाच्या भिंतींवर ध्वनीचे आलेख सरकत राहतात आणि आलेखाचा जो पट्टा रिकामा होतो तो कानांनाही रिकामा ऐकू येतो. डोळ्यांना फसवणारा ऱ्हास कानाला कसा पकडता येतो, हे मी यातून शिकलो, आणि माळाच्या बाबतीत ते अगदी लागू पडते.

आता तुमच्या विषयाकडे येतो, कारण माळ हा रंगमंचावर आणायला सर्वांत अवघड निसर्ग आहे. आपल्या प्रेक्षकाच्या मनात निसर्ग म्हणजे झाड, हिरवाई आणि पाणी असे पक्के समीकरण आहे. झाडांच्या विषयावर काम करणाऱ्याला त्याचा आयता लाभ होतो. क्लाउस लिटमान यांनी २०१९ मध्ये ऑस्ट्रियातील क्लागेनफुर्टच्या फुटबॉल मैदानात, मॅक्स पाइंटनर यांच्या एका जुन्या रेखाचित्रावरून, २९९ झाडांचे जंगल उभे केले, तेव्हा रिकाम्या खुर्च्यांत बसून जंगलाकडे पाहणाऱ्या माणसाला काही समजावून सांगावे लागत नव्हते. माळाचे तसे नाही. सरकारी कागदांत पिढ्यान्‌पिढ्या ज्याची नोंद पडीक जमीन अशी झाली, आणि जिथे चांगल्या हेतूनेही ग्लिरिसिडियासारखी झाडे लावली गेली, त्या माळाचा ऱ्हास बऱ्याचदा हिरवा होण्यातूनच घडला आहे. माळढोकाला लांबवर नजर पोचेल असे उघडे गवताळ रान लागते. तो जमिनीवर वावरतो, मादी जमिनीवरच बहुधा एकच अंडे घालते, आणि दाट झाडी त्याला आसरा न वाटता धोका वाटते. म्हणून रंगमंचाच्या शेवटी एक रोपटे आणून त्यावर हिरवा प्रकाश सोडण्याचा मोह कुणाला झाला, तर तो ठामपणे नाकारा. तुमच्या विषयात ती तथ्याची चूक ठरेल.

यातूनच तुमच्या मांडणशिल्पाची रचना सुचते. जंगल नाहीसे होते तेव्हा जागा रिकामी होते. माळ नाहीसा होतो तेव्हा जागा भरत जाते. उजनी धरणाचे पाणी आले, ऊस आला, साखर कारखाने वाढले, विहिरी आणि कूपनलिका वाढल्या, रस्ते आणि विजेच्या तारा आल्या, वसाहती पसरल्या. यांतली प्रत्येक गोष्ट कुणाच्या तरी गरजेची होती. म्हणून तुमचा रंगमंच सुरुवातीला शक्य तेवढा मोकळा ठेवा. सगळ्या विंगा (बाजूचे आडोसे) आणि मधले काळे पडदे उघडून टाका, बाजूच्या भिंती दिसल्या तरी चालतील, आणि मागच्या सायक्लोरामावर, म्हणजे सर्वांत मागच्या सपाट पांढऱ्या पडद्यावर, फक्त खालच्या दोन फुटांत फिकट पिवळसर उजेड ठेवा, म्हणजे क्षितिज खूप दूर गेल्यासारखे वाटेल. नाट्यगृहाची जी खोली प्रेक्षकाने एरवी कधीच पाहिलेली नसते ती त्याला दिसू द्या. मग चाळीस मिनिटांत एकेक उभी वस्तू येऊ द्या: आधी एक विंग हातभर आत सरकेल, मग एखादा बॅटन (दिवे-पडदे टांगायचा वरचा आडवा दांडा) दोन फूट खाली उतरेल, मग दुसरी विंग. हालचाल इतकी संथ हवी की ती होत असताना कुणाला कळू नये आणि मधल्या काही मिनिटांनी नजर परत गेली तर जागा आकसल्याचे कळावे. यासाठी यंत्राची गरज नाही. काळे कपडे घातलेले चार शिस्तीचे रंगमंच-सहायक आणि एक काटेकोर वेळापत्रक पुरेसे आहे, पण तालीम मात्र नाटकाइतकीच कसून करावी लागेल.

तारांचा भाग मी वेगळा सांगतो, कारण तो या विषयाचा गाभा आहे. माळढोक हा उडणाऱ्या पक्ष्यांतील सर्वांत जड पक्ष्यांपैकी एक आहे. नराचे वजन पंधरा किलोपर्यंत जाते. डोळे डोक्याच्या बाजूंना असल्यामुळे त्याला समोरचे फार कमी दिसते, आणि एवढ्या जड शरीराला ऐनवेळी दिशा बदलता येत नाही. उच्चदाब वाहिन्यांना धडकून होणारे मृत्यू हे त्याच्या ऱ्हासाचे आजचे मोठे कारण असल्याचे भारतीय वन्यजीव संस्थेच्या अभ्यासांतून पुढे आले. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये राजस्थान आणि गुजरातमधील त्याच्या अधिवासातल्या वाहिन्या शक्य तिथे जमिनीखाली नेण्याचा आदेश दिला, आणि २०२४ मध्ये तो शिथिल करून मार्ग ठरवण्यासाठी तज्ज्ञांची समिती नेमली. देशभरात आता दीडशेहून कमी माळढोक उरले असावेत असा अंदाज दिला जातो, आणि त्यांतले बहुतेक राजस्थानात आहेत.

हे सगळे प्रेक्षकाला सांगण्याऐवजी त्याच्या डोळ्यांना अनुभवायला देता येते. रंगमंचाच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत वेगवेगळ्या उंचीवर पाचसहा बारीक काळपट तारा आधीपासूनच ताणून ठेवा. मागे अंधार असेल आणि उजेड समोरून पडत असेल, तर त्या दिसणार नाहीत. पंचविसाव्या मिनिटाच्या सुमारास समोरचा उजेड हळूहळू उतरवा आणि एका बाजूच्या विंगेतून आडवा, अरुंद झोत त्या पातळीवर आणा. तारा एकाएकी लखलखतील, आणि आपण इतका वेळ जिला मोकळी जागा समजत होतो ती मोकळी नव्हती हे प्रेक्षकाच्या लक्षात येईल. तो झोत दहाएक सेकंदांपेक्षा जास्त ठेवू नका आणि पुन्हा आणू नका. यासाठी प्रोफाइल प्रकारचा, म्हणजे झोताच्या कडा कापता येणारा, दिवा हवा, कारण कडा कापता येत नसलेला दिवा जमिनीवर उजेड सांडेल आणि परिणाम विरून जाईल. तारा कुठेही प्रेक्षकांच्या डोक्यावरून नेऊ नका, आणि दोन्ही टोकांना ताण सोसणारा आधार नाट्यगृहाच्या तंत्रज्ञाला दाखवूनच पक्का करा.

आता ध्वनी. विणीच्या हंगामात, म्हणजे आपल्याकडे मुख्यतः पावसाळ्यात, नर गळ्याची पिशवी फुगवून खोल, घुमणारी साद घालतो आणि ती माळावर सुमारे अर्ध्या किलोमीटरपर्यंत ऐकू येते. ही साद फार खालच्या पट्टीतली आहे. नाट्यगृहातले नेहमीचे ध्वनिक्षेपक संवादांसाठी लावलेले असतात आणि त्यांतून ती एक क्षीण खरखर होऊन बाहेर पडेल. म्हणून दोन चांगले सबवूफर (खालच्या पट्टीचे ध्वनिक्षेपक) भाड्याने आणा, आणि ते रंगमंचावर न ठेवता प्रेक्षागृहाच्या मध्यभागी, खुर्च्यांच्या ओळींलगत जमिनीवर ठेवा, म्हणजे साद कानाआधी पायांना कळेल. वातानुकूलन यंत्राची आणि जनित्राची घरघर नेमकी याच पट्टीत असते. ती बंद ठेवता येत नसेल, तर तुमचा सगळा खर्च वाया जाईल, तेव्हा सभागृह ठरवतानाच हे पाहून घ्या.

पहिली दहा मिनिटे फक्त माळ ऐकू द्या: वारा, चंडोल, टिटवी, दूरवर मेंढरांचा गलका आणि अधूनमधून ती साद. प्रेक्षक तिची वाट पाहू लागला पाहिजे. मग एकेक थर काढत जा आणि सर्वांत शेवटी साद. तिच्या जागी विजेच्या रोहित्राची (ट्रान्सफॉर्मरची) गुणगुण आणा. आपल्याकडे वीज पन्नास हर्ट्‌झची असते आणि रोहित्राचा आवाज तिच्या दुपटीच्या आसपास उमटतो, म्हणजे तोही खालच्याच पट्टीतला. एक आवाज विरत असताना दुसरा त्याच आवाजपातळीवर वर आणला, तर बदल कोणत्या क्षणी झाला हे बहुतेकांना सांगता येणार नाही, आणि माळावरही नेमके असेच झाले.

ही साद कुठून मिळवायची, या बाबतीत माझा आग्रह आहे. राजस्थानात मुद्रित केलेली साद मिळवून नान्नजची म्हणून वाजवू नका. वापरलीच, तर ती कुठली आहे हे पत्रकात लिहा. त्याहून चांगला मार्ग तुमच्या हाताशी आहे. उत्तर सोलापूर, मोहोळ, माढा, करमाळा या तालुक्यांत ज्यांनी ही साद लहानपणी ऐकली असे वयस्क शेतकरी आणि मेंढपाळ सापडतील, आणि त्यांतल्या काहींना तोंडाने तिची नक्कलही करता येत असेल. त्यांच्याकडून ती मुद्रित करून घ्या: श्वास घेतल्याचा आवाज, मधेच अडल्याचा आवाज, सगळे तसेच ठेवून. पक्ष्याची खरी साद विरून गेल्यावर काही वेळाने एका माणसाच्या गळ्यातून तिची आठवण ऐकू येणे, हा, पुढे सांगतो ते दोन आकडे सोडले तर, या मांडणशिल्पातला एकमेव मानवी आवाज असावा असे मला वाटते. ज्यांचा आवाज घ्याल त्यांना तो कशासाठी हवा हे नीट समजावून सांगा, त्यांना मानधन द्या आणि त्यांची संमती असेल तर पत्रकात नावे द्या. जिवंत पक्ष्यांजवळ जाऊन ध्वनिफीत वाजवणे आणि त्यांना प्रतिसाद द्यायला लावणे हे मात्र कोणत्याही कारणाने करू नका. विणीच्या काळात त्याचा त्यांना थेट त्रास होतो.

निवेदन असावे का, असेही तुम्ही विचारले आहे. शोकाकुल निवेदन नसावे. रुगिले बार्झ्जुकाइते, वाइवा ग्राइनिते आणि लीना लापेलिते या तिघींच्या ज्या संगीतनाट्याला २०१९ च्या व्हेनिस द्वैवार्षिकीत, म्हणजे तिथल्या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात, लिथुआनियासाठी सुवर्णसिंह हा पुरस्कार मिळाला, त्यात वाळूवर पहुडलेले गायक सुट्टीविषयी, उन्हापासून बचाव करणाऱ्या मलमाविषयी, थकव्याविषयी गातात, आणि प्रेक्षक वरच्या सज्जातून त्यांच्याकडे पाहत असतात. हवामानाचे संकट त्या साध्या बोलण्यातूनच झिरपते. तुमच्याकडे असा साधा मजकूर आयता आहे. माळढोक अभयारण्य १९७९ मध्ये घोषित झाले तेव्हा त्याचे क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर होते. २०१२ मध्ये ते सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले. मूळ क्षेत्रात गावे, बाजारपेठा आणि हजारो शेतकऱ्यांच्या खासगी जमिनी होत्या, त्यांच्या खरेदी-विक्रीवर आणि वापरावर बंधने आली होती, आणि त्यांचा रोष निराधार नव्हता. हे दोन आकडे कोरड्या, कार्यालयीन स्वरात एकदाच ऐकवा. शेतकऱ्याला खलनायक करणारे एकही वाक्य येऊ देऊ नका. कोरडवाहू ज्वारी आणि भुईमूग घेणाऱ्या शेतात माळढोक पिढ्यान्‌पिढ्या चरत आला आहे, आणि त्याला मारक ठरलेला बदल एकट्या शेतकऱ्याच्या इच्छेने झालेला नाही.

नट नसतील तर प्रेक्षक चाळीस मिनिटे बसतील का, ही शंका तुमच्या गटातल्या काहींना आहे. हायनर गोएबल्स यांनी २००७ मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान येथे जे नाट्य सादर केले, त्यात पाच पियानो, पाण्याचे हौद, धुके, पाऊस आणि ध्वनिमुद्रणे एवढेच होते, आणि १९व्या शतकातील लेखक आडाल्बर्ट श्टिफ्टर यांनी केलेले बर्फाने लगडलेल्या जंगलाचे वर्णन त्यात ऐकवले जात असे. ते नाट्य पुढे अनेक देशांत गेले. माणूस नसलेला रंगमंच प्रेक्षक खिळून पाहू शकतो, मात्र त्यासाठी रंगमंचावर घडणाऱ्या प्रत्येक गोष्टीला स्वतःची गती आणि कारण हवे. धूर सुंदर दिसतो म्हणून धूर सोडायचा, असे केले की पाचव्या मिनिटाला लोक मोबाइल काढतात.

गवताविषयी सावधगिरीचे दोन शब्द. रंगमंचावर खरे वाळलेले गवत पसरण्याची तुमची कल्पना मला आवडली, कारण पवन्या आणि मारवेल यांचा वास सभागृहात जे करील ते कोणताही दिवा करणार नाही. पण वाळलेले गवत आणि तापणारे हॅलोजनचे दिवे एकत्र आले तर आग लागायला वेळ लागत नाही. गवत वापरणार असाल तर त्यावर अग्निरोधक द्रावणाची फवारणी करा, वरचे सगळे दिवे एलईडी घ्या, अग्निशामक उपकरणे हाताशी ठेवा आणि नाट्यगृहाच्या व्यवस्थापनाची लेखी परवानगी घ्या. कुसळी गवत टाळा; त्याची कुसळे कपड्यांत आणि पायांत रुततात आणि पडद्यांमधून निघता निघत नाहीत. अभयारण्यातून काडीही उचलू नका, ते कायद्याने गैर आहे; बियाणे गळून गेल्यावर, म्हणजे हिवाळ्यात, एखाद्या शेतकऱ्याच्या बांधावरचे गवत विकत घ्या आणि प्रयोगानंतर तेच गुरांसाठी परत द्या. अग्निरोधक फवारलेले गवत मात्र गुरांना घालता येत नाही, त्यामुळे फवारणी फक्त दिव्यांजवळच्या पेंढ्यांवर करून त्या वेगळ्या बांधून ठेवाव्या लागतील. थर्मोकोल आणि प्लॅस्टिकचे गवत या विषयात तरी नकोच.

नाट्यगृहाचे सत्र ठरावीक तासांचे असते आणि त्यातच बांधणी, प्रयोग आणि मोडणी बसवावी लागते. ताणलेल्या तारा, सबवूफर आणि गवत एवढे सगळे त्या वेळेत नीट उभे राहणार नाही. सलग दोन दिवस मिळतील असे महाविद्यालयाचे सभागृह किंवा बंद पडलेले एखादे गोदाम पाहा. रंगमंच नसला तरी चालेल, खोली आणि अंधार हवा. एका वेळी साठ-सत्तर प्रेक्षकांपेक्षा जास्त नकोत, कारण शेवटच्या ओळीपर्यंत जमिनीचे कंपन पोचले पाहिजे.

कामाचा क्रम म्हणाल तर सभागृहाची शोधाशोध आणि नेपथ्याचे आराखडे थोडे थांबू शकतात. ध्वनिमुद्रण थांबू शकत नाही. ज्यांनी ही साद ऐकली ती माणसे आता सत्तरीच्या पुढे असतील, तेव्हा येत्या महिन्यातच गावांत जायला सुरुवात करा. मुद्रण हाती आल्यावर ते बंद खोलीत, अंधारात, सबवूफरवर पूर्ण चाळीस मिनिटे ऐका, आणि त्यानंतरच दिव्यांची यादी करायला बसा. यादी झाली की मला पाठवा. बाजूच्या झोताचे कोन आणि बॅटनच्या उंची आपण जागेची मापे समोर ठेवून ठरवू.